इवाईबुवांच्या लोखंडी लेकी

अमरावतीच्या परकोटाबाहेर, कापूस बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर इवाईबुवांचं औतांचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायचं. मागे भट्टी, पुढे मातीचा ओटा आणि मधे वखर, डवरे, नांगराचे फाळ, चरख्या असं सगळं लोखंड-लाकूड अंगावर पडेल असं रचलेलं. बसायला सतरंजी नाही. आल्यागेल्याला पाणी विचारायची रीत नाही. चार कोस उन्हातून आलेला शेतकरी ओट्यासमोर उभा राहिला, की आतून पहिला प्रश्न यायचा, "काऊन आला, इवाई?"

इवाई म्हणजे व्याही. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई आणि विहिणीला इहीन म्हणतात. हा माणूस कुणाला गिऱ्हाईक म्हणतच नसे. जो औत घ्यायला आला तो इवाई, त्याची बायको इहीनबाई. म्हणून साऱ्या गावानं त्यांचंच नाव इवाईबुवा पाडलं. खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असणार, पण ती बिचारी नवऱ्याचं नाव उच्चारणार कशी? त्यामुळे ते कुणालाच कळलं नाही.

मी अक्षरं उशिरा शिकले. लिहिते ते बोलल्यासारखंच लिहिते, तेवढं चालवून घ्या. पण हा माणूस कुणीतरी लिहून ठेवायला हवा असं मला फार दिवस वाटतं आहे, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

दुकानातली प्रत्येक वस्तू ही त्यांची लेक. वखर विकला असं ते म्हणत नसत, "पोरगी देली" म्हणत. बाजारातला एखादा टवाळ मुद्दाम विचारायचा, "इवाईबुवा, नांगर तं तो असते. मंग ते पोरगी कशी?"

"नांगर माया घरी राह्यते का?" ते विचारायचे.

"नाई."

"सासरी जाते ते पोरगी. आता कामाले लाग."

आता पोरगी द्यायची म्हटल्यावर घर पाहणं आलं. बैल कसे आहेत, वावर काळीचं की बरड, भावाभावांत भांडण आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसात औत ठेवणार कुठे. एकदा एक पाटील दोन माणसं मागे घेऊन नवा वखर घ्यायला आला. इवाईबुवांनी विचारलं, "मागचा वखर कोठी हाय?"

"मोडला."

"कसा मोडला?"

पाटील तापला. "मोडला म्हंजे मोडला. तुमाले काय करा लागते?"

"पयली बायको कशी गेली हे जो सांगत नाई, त्याले दुसरी कोन देईन?" इवाईबुवा म्हणाले आणि भट्टीकडे वळले. पाटील पाय आपटत गेला. दोन दिवस सगळा बाजार ही गोष्ट सांगत होता. मग पाटलाचा गडी मोडका वखर डोक्यावर घेऊन गुपचूप आला. इवाईबुवांनी तो जोडून, धार लावून परत पाठवला आणि निरोप दिला, "पाटलाले सांगजो, दुसरी कायले पाह्यजे, हेच नांदवा." पाटलानं तोच वखर पुढे कितीतरी वर्षं वापरला.

सोयरीक जुळेपर्यंत ते ताठ. एकदा जुळली की पार मऊ. औत विकलं की बाकीचे दुकानदार मोकळे होतात, यांचं काम तिथून सुरू व्हायचं. पेरणी झाली की आपली रेंगी जुंपून गावोगाव लेकी पाहायला निघायचे. बांधावर उभे राहून डवरा कसा चालतो ते बघायचे, दांडी सैल वाटली तर तिथेच पाचर ठोकून द्यायचे. शेतकरी म्हणायचा, बसा, भाकर खा. ते हात जोडायचे. लेकीच्या घरचं पाणी पीत नाही म्हणायचे. आणि खरंच, तांब्या भरून बरोबर आणलेलं आपल्या घरचं पाणी पिऊन निघून जायचे.

बडनेऱ्याकडच्या एका वावरात त्यांना डवरा पावसात भिजत पडलेला दिसला. मालक घरी. यांनी डवरा उचलला, रेंगीत टाकला आणि आणला माघारी. दुसऱ्या दिवशी नवराबायको दोघं दुकानावर हजर. नवरा गयावया करत होता, पण बायको पक्की होती. ती म्हणाली, "पोरगी नेली तं नेली, बुवा. आता आमच्या वावरातलं गवत काढाले तुमी येता का?" इवाईबुवांनी डवरा आणून पुढे ठेवला. मग हसले आणि डवऱ्याबरोबर तेलाची कुपीही दिली. हसले की त्यांच्या मिशा नाकात जात आणि शिंक येई, म्हणून ते कमी हसत असावेत.

पण त्यांचा खरा सोहळा अक्षय तृतीयेला. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात. भाऊ नाहीतर घरचा कुणी माणूस त्यांना आणायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. इवाईबुवा आपल्या औतांना मुराळी पाठवायचे. दुकानातले लोहार आणि सुतार गाड्या घेऊन गावोगाव फिरत आणि विकलेली औतं गोळा करून आणत. मग दुकानात त्यांचं माहेरपण. धार लावायची, तेल पाजायचं, वखराची झिजलेली लोखंडी पास बदलायची, तडकलेली दांडी नवी बसवायची, आणि यासाठी कुणाकडून काही घ्यायचं नाही. शेतकरी आपलं औत न्यायला आला की त्याला पंगतीला बसवून पुरणपोळी. वर्षभर पाणी न विचारणारा माणूस त्या दिवशी तुपाची वाटी घेऊन पानापानावरून फिरे. औताला हळदकुंकू लावून ते निरोप द्यायचे, "सुखात राह्य."

बाहेरगावची माणसं हळहळून विचारायची, यांची एखादी लेक लहानपणी गेली का हो? तसं काही नव्हतं. चांगल्या चार लेकी होत्या, चौघीही धडधाकट आणि तोंडानं बापासारख्याच. त्यांची तक्रार एकच, की बाबा वखराला मुराळी पाठवतात आणि आम्हाला विसरतात. थोरली एकदा सणाला आपली आपणच आली आणि भर दुकानात म्हणाली, "बाबा, मी लोखंडाची असती तं बरं झालं असतं." त्यांनी हातातला फाळ खाली ठेवला. मग म्हणाले, "तुले देली तवा मी घर पाह्यलं नवतं, माय. धंद्यात होतो. तुयं नशीब चांगलं निंगालं. आता सगळ्याइचं पाहून देतो." थोरलीनं डोळे पुसले आणि मुकाट्यानं पुरण वाटायला बसली.

आता माझी गोष्ट.

ते दिवस कापसाचे होते. साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस यायचा थांबला होता, आणि म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. माणसं बैलांच्या शिंगांना चांदी मढवत होती. अकोल्याकडे आगगाडीसाठी मातीचे भराव पडत होते. ज्याला त्याला काहीतरी नवं घ्यायचं होतं. मला घ्यायची होती चरखी.

चरखी म्हणजे कापसातून सरकी काढायचं हातयंत्र. दोन लाटा, म्हणजे लाटण्यासारखे रूळ, एकमेकीला चिकटून फिरतात, एक लोखंडाची, एक लाकडाची. कापूस लावला की पलीकडे रुई पडते आणि अलीकडे सरकी. माझं सासर भातकुलीला, आम्ही माळी. थोडा भाजीमळा, थोडं कापसाचं वावर. कापूस तसाच विकला तर एक भाव, रुई करून विकली तर दुसरा. माझ्या मनानं घेतलं की अंगणात चरखी आली तर शेजारच्या बायकाही आपापला कापूस आणतील, आणि मला दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जावं लागणार नाही. माझे आईबाप पटकीच्या साथीत एकाच आठवड्यात गेले होते. भाऊ नव्हता. माहेरचं म्हणून माझ्याजवळ आईच्या पाटल्या तेवढ्या होत्या. त्या मोडायच्या ठरवल्या. सासूबाई म्हणाल्या, "मोड बाई, पन मंग रडू नको."  नवरा कमी बोलणारा माणूस, पण गाडी जुंपून तयार होता.

आम्ही अर्थातच आधी इवाईबुवांकडे गेलो. उन्हात उभे राहिलो. त्यांनी सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "ठेवशीन कोठी?"

"ओसरीत," मी म्हटलं.

"ओसरीत अजून काय असते?"

मी खरं ते सांगितलं. "बकऱ्या."

"मंग नाई जमत, इहीनबाई. बकरी लाकूड चाटते, दोरी खाते, वर मुतते. माया पोरीचे हाल होतीन."

नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भर बाजारात आमच्या बकऱ्यांवरून आम्हाला नाकारलं होतं. माझ्या आईच्या पाटल्या मोडून मी आले होते आणि हा माणूस मला बकऱ्या सांगत होता. फार राग आला. पुढच्या हप्त्यात नवरा कापसाच्या गाड्यांबरोबर खामगावला निघाला तेव्हा मीही गाडीत बसले आणि वाटेत अकोल्याला उतरलो.

अकोल्याचं औतांचं दुकान पाहून मी हरखूनच गेले. पांढरीशुभ्र गादी, लोड, एक माणूस नुसता पंखा ओढायला. अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. नवऱ्याला विडा आला. शेटजी स्वतः उठून म्हणाले, "या माउली, घर तुमचंच आहे." आम्हाला कुणी माउली म्हटलं नव्हतं. चरखी लाल रंगाची, तिच्यावर पिवळी फुलं काढलेली. बैल कसे, वावर कसं, बकऱ्या किती, एक प्रश्न नाही. येताना नवरा सारखा मागे वळून चरखीकडे बघत होता. आम्ही दोघं नव्या नवरीला घेऊन निघाल्यासारखे खुशीत होतो.

महिनाभर चरखी बरी चालली. शेजारच्या बायका येऊ लागल्या, अंगण गजबजलं. मग लाकडी लाट एका बाजूनं आकसू लागली. सरकी सुटायच्या ऐवजी फुटायला लागली, आणि फुटलेल्या सरकीचं तेल रुईला लागून पिवळे डाग पडले. डागी रुई कुणी घेत नाही. बायकांचा कापूस माझ्या ओसरीत ढीग होऊन पडला होता. त्या काही बोलत नव्हत्या, पण रोज येऊन ढिगाकडे बघून जात. सासूबाई म्हणाल्या, "भंगार म्हून मोडून टाक अन् निंदाले चाल." म्हणजे आईच्या पाटल्या भंगारात. मी रडणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणून रडले नाही.

पुढच्या गाड्यांबरोबर आम्ही चरखी घेऊन पुन्हा अकोल्याला गेलो. तीच गादी, तेच गुलाबपाणी. "या माउली, घर तुमचंच आहे." मी चरखीचं सांगितलं. शेटजी म्हणाले, "माल तर अव्वल आहे. विडा घ्या." मी डाग पडलेली रुई दाखवली. "कारागीर गावाला गेला आहे. विडा घ्या." मी विचारलं, केव्हा येणार? तेवढ्यात आणखी एक विडा आला. चरखीचं नाव काढलं की विडा, असं चाललं होतं. माझा नवरा मुळात सरळ माणूस, दिला विडा की खायचा. दुकानाबाहेर पडलो तेव्हा त्याचं तोंड लालभडक होतं आणि चरखी होती तशीच होती.

परतताना गाडीत अमरावतीचा माल होता, म्हणून आधी अमरावतीला गेलो. नवरा म्हणाला, "आता घरी जाऊ." मी म्हटलं, "गाडी थांबवा." इवाईबुवांच्या दुकानापुढे मी चरखी स्वतः उतरवली.

त्यांनी मला ओळखलं. "बकऱ्यावाली," म्हणाले. मग चरखीवरची पिवळी फुलं पाहिली आणि तोंड फिरवलं. "हे माई पोरगी नोय, इहीनबाई. परायी लेक मी घरात घेत नाई. इच्या बापाले दाखव."

"दाखवली," मी म्हटलं.

"मंग?"

"बापानं विडा देल्ला."

भट्टीवरचे लोहार हसले. इवाईबुवा हसले नाहीत. "पन माई रीत हाय ते हाय," म्हणाले.

तेव्हा काय झालं मला, मीच त्या ओट्यावर बसले. चरखी शेजारी ठेवली. पदर सारखा केला. नवरा गाडीजवळून खुणा करत होता, ऊठ म्हणून. मी उठले नाही.

"काऊन बसली?" त्यांनी विचारलं.

"इच्या बापानं इले इकली अन् इसरला. माये माय-बाप पटकीनं नेले. मायेच्या पाटल्या होत्या, त्याइची हे झाली. आमाले दोघीले माहेर नाई, बुवा. म्हून आमी दोघी इथंच बसतो."

हे बोलायचं असं मी ठरवून आले नव्हते. बोलून झाल्यावर मलाच भीती वाटली. बाजारातली माणसं थांबून बघत होती. इवाईबुवा हातातली घासणी खाली ठेवून माझ्याकडे, मग चरखीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिले.

"बकऱ्या कोठी बांधता आता?"

"मांगच्या छपरीत. चरखी आली तवाच हलवल्या."

"कोनं सांगतलं हलवाले?"

"तुमीच तं सांगतलं होतं," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. रागानं निघून गेले होते, पण घरी चरखी आणल्या दिवशीच बकऱ्या मागे नेऊन बांधल्या होत्या.

त्यांनी चरखी उचलली. लाकडी लाट नाकाजवळ नेऊन हुंगली. "वलं लाकूड," म्हणाले. "वाळलंच नवतं. कच्च्या वयात लग्न लावून देल्लं पोरीचं." सुताराला हाक मारून धारणीकडचं जुनं सागवान काढायला लावलं आणि नवी लाट कातून घेतली. संध्याकाळपर्यंत चरखी फिरली. त्यांनी स्वतः मूठभर कापूस लावून बघितला. सरकी अख्खी पडली, रुई पांढरी पडली. ती पांढरी रुई बघितल्यावर मात्र मी रडले. सासूबाई तिथे नव्हत्या, त्यामुळे कबुली मोडली नाही असं मी धरते.

जाताना नेहमीप्रमाणे पाणी नाही, काही नाही. फक्त म्हणाले, "तेल घालत जाजो."

ढीग उपसला, बायकांची रुई वेळेवर बाजारात गेली. पण फाल्गुन सरता सरता बातमी आली की ती दूरची लढाई थांबायला आली. बघता बघता कापसाचा भाव बसला. चांदी मढवलेले बैल मान खाली घालून बाजारातून फिरू लागले, म्हणजे मला तरी तसं वाटलं. अकोल्याचं ते दुकान एका सकाळी बंद दिसलं ते बंदच. गादी, पंखा, गुलाबपाणी घेऊन शेटजी कुठे गेले कुणाला माहीत नाही. त्यांनी विकलेली औतं गावोगाव पडून होती आणि ती कुणाला दाखवायची हे कुणालाच कळत नव्हतं.

वैशाख आला. मी घरात म्हटलं, यंदा म्हातारा मुराळी पाठवत नाही. त्याचाही धंदा बसला असणार. आणि पाठवला तरी आमच्याकडे कशाला? आमची चरखी त्याच्या दुकानची नव्हेच. एकदा दया केली, तेवढं पुरे. अक्षय तृतीयेला गल्लीतल्या मुली माहेरी निघाल्या की मी दरवर्षी मळ्यात जाऊन बसायची. त्या वर्षीही टोपली घेऊन निघालेच होते.

दारात गाडी थांबली. इवाईबुवांचा सुतार खाली उतरला. गाडीत आधीच औतं भरलेली होती, आणि त्यांतली किती तरी लाल रंगाची, पिवळी फुलं काढलेली. सुतार म्हणाला, "बुवानं बजारात सांगून ठेवलं, ज्या पोरीचा बाप पयाला ते पोरगी माई. भट्टीले सवड हाय यंदा."

मी धावत आत गेले. चरखी पुसली, हळदकुंकू लावलं आणि सुताराच्या हाती दिली. त्यानं ती गाडीत नीट गवतावर बसवली. पण स्वतः काही गाडीवर चढेना. उभाच.

"काय राह्यलं, दादा?" मी विचारलं.

"तुमी चढा ना, बाई."

"मी कायले?"

सुतारानं डोकं खाजवलं. "मले बुवानं सांगतलं, भातकुलीची एकटीले आनू नको. दोघीले घेऊन ये."

मी खाली ठेवलेली टोपली पुन्हा हातात घेतली. नवरा ओसरीत उभा होता. त्यानं माझ्या हातातली टोपली काढून घेतली आणि मला हात देऊन गाडीत बसवलं. आतून सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या, माझं धुतलेलं लुगडं गाठोड्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि मुराळी दारात आला की सासवा जे विचारतात तेच त्यांनी मला लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं, "कधी येशीन वापस?"

मी चरखीवर हात ठेवून म्हटलं, "माहेरून कोनी लवकर येते का?"